रूथताईचा तरुण संघ

ताई,

तुला मातीआड करून आज नववा दिवस. स्मरणाच्या उपासनेत पास्टर साहेबांनी मला तीन मिनिटं दिली होती. मी उभा राहिलो, तुझं नाव घेतलं, आणि टायपिंगच्या परीक्षेत तू घड्याळ धरून आमच्या पाठीशी उभी राहायचीस तशी आताही उभी आहेस असं वाटून अडखळलो. काहीतरी बोललो. तू प्रेमळ होतीस, कष्टाळू होतीस, मंडळीचा आधार होतीस. कोणीही गेलं की बोलतात तेच. खाली बसलो तेव्हा तरुण संघातली आपली सुषमा हळूच म्हणाली, "हे कोणाबद्दल बोलून राह्यला होता तू?"

तिचं खरं होतं. म्हणून आता लिहायला बसलोय. इथं घड्याळ नाही.

पुलगावच्या स्टेशन रस्त्यावर सायकलच्या दुकानाच्या माडीवर तुझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. अकरा मशिनी, त्यातली एक कायम उघडून ठेवलेली, आणि सगळ्या खोलीला रॉकेलचा वास, कारण मशिनी तू स्वतः रॉकेलनं पुसायचीस. सकाळी खालून दारूगोळ्याच्या डेपोतल्या कामगारांच्या सायकली जायच्या, तेव्हा तुझी पहिली बॅच बसलेली असायची. माझे वडील जिवंत असेपर्यंत त्या सायकलींत त्यांचीही सायकल असायची. ते गेल्यावर आईनं मला तुझ्याकडं पाठवलं. तीसची स्पीड आली तर कुठं तरी क्लार्क म्हणून चिकटेल एवढीच तिची आशा होती.

तुझी माझी ओळख मात्र त्याआधीची. एकाच मंडळीतले आपण. बाबांचं मूत्रपिंडाचं दुखणं वाढलं तेव्हा मंडळीनं आमच्या घरी एकवीस दिवस संध्याकाळची प्रार्थना ठेवली होती. तू कोपऱ्यात, दाराजवळ बसायचीस. बाविसाव्या दिवशी बाबा गेले. पुढच्या आठवड्यात सांत्वनाची उपासना झाली. मी एकोणीस वर्षांचा होतो. सगळ्यांचं गाऊन झाल्यावर मी उभा राहून विचारलं, "एकवीस दिवस आपण मागितलं. मग देवानं ऐकलं नाही की त्याला द्यायचं नव्हतं?" मंडळीच्या पंचांमध्ये सर्वांत वडील असलेले जोसेफकाका म्हणाले, "बसून घे बेटा. असं विचारू नाई." मी बसलो. त्या दिवसानंतर दोन वर्षं चर्चची पायरी चढलो नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी तू माझ्या मशीनची रिबन बदलत होतीस. बोटं काळी झालेली. मान वर न करता म्हणालीस, "अनिल, तुझा तो प्रश्न राहून गेला."

मी म्हटलं, "कोणता?"

"तुले माहीत आहे कोणता. रविवारी चार वाजता चर्चच्या मागच्या खोलीत येजो. माझ्यापाशी उत्तर नाई. पण तुझा प्रश्न कोणी पुरता ऐकलाच नाई, तो ऐकीन."

मी आलो नाही. मला राग आला होता. उत्तर नाही म्हणणारी बाई बोलावते कशाला, असं वाटलं. नंतर कळलं की तू इन्स्टिट्यूटमधल्या, बाजारातल्या, मंडळीच्या घराघरातल्या सगळ्याच तरुण पोरापोरींना बोलावलं होतंस. आमच्या मंडळीत तेव्हा संडे स्कूलची लेकरं होती आणि चाळिशीच्या पुढचे लोक होते. मधले आम्ही कोणी दिसायचो नाही. नाताळला कॅरोल गायला यायचो, चहा-फराळ करायचो आणि पुन्हा वर्षभर गायब. पंचांच्या बैठकीत दरवर्षी त्यावर हळहळ व्हायची. तुला हळहळता यायचं नाही. खोली झाडून घेतलीस आणि तरुण संघाचा वार ठरवलास.

आता जे सांगतो ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं. पाच-सहा आठवड्यांनी एका रविवारी मी क्रिकेट खेळायला निघालो होतो. चर्चच्या मागच्या बोळातून गेलं की मैदान जवळ पडतं. खोलीची खिडकी उघडी होती. तुझा आवाज ऐकू आला म्हणून सायकल थांबवली. आत सतरंजीसारख्या तीन दऱ्या ओळीनं अंथरलेल्या होत्या. माठ भरलेला, त्यावर पेला पालथा. आणि पूर्ण खोलीत तू एकटी, भिंतीला न टेकता ताठ बसलेली. हातात कागद होता. एकेक नाव वाचत होतीस आणि प्रत्येक नावानंतर थोडं बोलत होतीस, जणू देव समोरच बसून ऐकतोय. "सुषमा. तिच्या बापाचं अन् तिचं बोलणं बंद आहे. दोघंही हट्टी आहेत, पण पोरीचं बरोबर आहे." "विजय. ट्रकवर गेला तो कुठं आहे, त्याच्या मायलेही माहीत नाई. तुले माहीत आहे." मग, "अनिल. त्याचा प्रश्न मलेही पडला आहे. तो चिडून गेला ते बरं झालं. चिडला म्हणजे अजून बोलून राह्यला तुझ्याशी."

मी सायकलीचा ब्रेक दाबून तसाच उभा होतो. इतके रविवार ही बाई रिकाम्या दऱ्यांवर आमची हजेरी घेत बसली होती. मी त्या दिवशी मैदानावर गेलो, पण खेळलो नाही. पुढच्या रविवारी खोलीत आलो. तू घड्याळ पाहिलंस आणि म्हणालीस, "चार वाजून सात झाले. बस."

माझा प्रश्न तू खरंच पुरता ऐकलास. दीड तास. मध्ये एकदा उठून मला पाणी दिलंस. उत्तर दिलं नाहीस, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. पुढं वर्षानुवर्षं मी तुला त्यावरून डिवचायचो. तू म्हणायचीस, "मिळालं तं पह्यले तुलेच सांगीन." ताई, आता तुझी त्याच्याशी समोरासमोर भेट झाली असेल. विचारून ठेव.

माझ्यानंतर सुषमा आली. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि तिचे वडील पाठवत नव्हते. तू तिच्या घरी गेलीस. वडिलांनी दारातूनच सांगितलं, बोलायचं नाही. तू म्हणालीस, मी बोलायला आलेच नाही, बसायला आले. आणि ओट्यावर बसलीस. अशा तीन संध्याकाळी बसलीस. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी चहा पाठवला, चौथ्या दिवशी फॉर्मवर सही केली. ही बातमी पोरांमध्ये पसरली आणि मग खोलीत माणसं यायला लागली. वर्ध्याच्या नालवाडीतून दोघी बहिणी पॅसेंजरनं यायच्या आणि साडेसहाच्या गाडीनं परत जायच्या. तीन वर्षांत तिन्ही दऱ्या भरल्या, पोरं उंबऱ्यावर बसायला लागली.

बाहेरचे पाहुणे विचारायचे, तुम्ही काय कार्यक्रम घेता? आम्हाला सांगता यायचं नाही. तू प्रवचन करायची नाहीस. आठवडा कसा गेला ते प्रत्येकानं खरं सांगायचं, एवढंच धरून बसायचीस. कोणी नापास झालेलं असायचं, कोणाला मुलाखतीत हाकललेलं असायचं, कोणाचं कुठं मन जडलेलं असायचं. सांगून झालं की शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि तो या आठवड्याशी भांडतो की जुळतो ते बोलायचं. प्रार्थना लांबली की तू टायपिंगचं स्टॉपवॉच उघडायचीस. एकदा मी फार आळवून, जड जड शब्द घालून प्रार्थना करत होतो. तू मध्येच म्हणालीस, "त्याले मराठी समजते अनिल, सोपं बोल." सगळे हसले. मला लाज वाटली आणि तेव्हापासून मला प्रार्थना करता यायला लागली.

तुझा त्रासही कमी नव्हता. उशीर झाला की बोलायचीस. फळ्यावर वेलांटी चुकली तर चर्चा थांबवून ती दुरुस्त करायला लावायचीस. एकदा ठरवलंस की ऐकायची नाहीस. पास्टर दर तीन-चार वर्षांनी बदलायचे आणि येणारे प्रत्येक पास्टर साहेब आधी तुझ्यावर वैतागायचे, मग तुला विचारल्याशिवाय काही करायचे नाहीत. तू कोणत्या बायबल कॉलेजात शिकली नव्हतीस. मॅट्रिक आणि साठची स्पीड, एवढंच शिक्षण. हे सगळं तुला कुठून सुचायचं याचं मला तेव्हाही नवल वाटायचं, आता जास्त वाटतं.

मग विजय परत आला.

तुझ्या कागदावरचा तोच विजय. संडे स्कूलमध्ये माझ्या बाजूला बसायचा. ढोलक असा वाजवायचा की म्हाताऱ्या बायाही बसल्या जागी ताल धरायच्या. नागपूर-मुंबई ट्रक चालवत होता. परत आला तेव्हा अर्धा झाला होता. गालफडं बसलेली, अंगावर काळे डाग. बायको आधीच माहेरी निघून गेली होती. घरात तो आणि त्याची आई. लोक त्या घरावरून जाताना पाऊल उचलून जायचे. रोगाचं नाव कोणी घेत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. नव्वदीनंतरच्या त्या वर्षांत ते नाव भिंतीवरच्या जाहिरातींत दिसायचं, माणसांच्या तोंडी येत नसे.

तू गेलीस. नंतर त्याच्या आईनं सांगितलं, तू त्याच्या खाटेवरच बसलीस आणि म्हणालीस, "रविवारी चार वाजता येजो. ढोलक वाजवायले माणूस नाई आमच्याकडं."

तो आला. दरीवर बसला आणि आठवडा कसा गेला ते सांगायची त्याची पाळी आली तेव्हा जमिनीकडं पाहून म्हणाला, "मले एड्स आहे. तुम्ही म्हणत असान तं मी उंबऱ्याबाहेर बसतो." तू म्हणालीस, "उंबऱ्यावर जागा नाई, तिथं नालवाडीच्या पोरी बसल्या. तू बस आहे तिथंच. सांग पुढचं."

पुढच्या रविवारी चार जण आले नाहीत. तू मला बोलावून म्हणालीस, "पोट्टे घाबरले आहेत. घाबरणारच. तू वर्ध्याले जाय, शिकलेल्या डॉक्टरले भेट अन् काय खरं काय खोटं ते लिहून आण." मी गेलो. दोन तास बाहेरच्या बाकावर बसून एका डॉक्टरांना गाठलं, सगळं विचारून घेतलं. तुझ्याच मशीनवर कार्बन घालून टाइप केलं. रविवारी फळ्यासमोर उभा राहून सगळ्यांना समजावलं. हात लावल्यानं होत नाही. शेजारी बसल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं होत नाही. पोरांनी शंका विचारल्या, मी एकेकीचं उत्तर दिलं. गेलेल्या चौघांपैकी तिघं परत आले. तू मागच्या भिंतीपाशी बसून ऐकत होतीस. शेवटी म्हणालीस, "एकही चूक नाई." टायपिंगच्या पेपरलाही तू मला असं कधी म्हणाली नव्हतीस. मी तरंगतच घरी गेलो.

येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा तो प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला तसे जोसेफकाका माडीवर आले. मी त्या वेळी मशीनवर होतो. काका वाईट माणूस नव्हते. घाम पुसत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "रूथ, त्या पोराले सांग. भाकर देऊ. प्याला नाई. आपल्याकडं एकच प्याला आहे, सारी मंडळी त्यातूनच पेते. लोकं म्हणून राह्यले, तो आला तं आम्ही येत नाई."

तू विचारलंस, "काका, हे मी त्याले सांगू? का तुम्ही सांगता?"

"तूच सांग. तुझं ऐकते तो."

"मंग नाई सांगत," तू म्हणालीस. "माझं ऐकते म्हणूनच नाई सांगत."

काका उठले आणि जिना उतरले.

तो रविवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. उन्हाळ्याची सुरुवात, कवेलूच्या छपराखाली गरम हवा कोंडलेली. उजवीकडं पुरुष, डावीकडं बाया. मी चौथ्या बाकावर, मधल्या वाटेकडच्या टोकाला. खिशात तो टाइप केलेला कागद होता, कोणी विचारलं तर दाखवायला म्हणून. पंच वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकून भाकर आणि प्याला घेऊन परतले. मग पुरुषांच्या ओळी. एका वेळी आठ जण. विजयची ओळ आली तेव्हा त्याच्या बाकावरचं कोणी उठलंच नाही. तो एकटा चालत गेला. आठ जणांच्या कठड्याशी एकटा गुडघ्यावर बसला. पास्टर साहेबांनी भाकर दिली. प्याला त्यांच्या हातात होता आणि तो हात पुढं येत नव्हता. त्यांनी एकदा जोसेफकाकांकडं पाहिलं, एकदा आम्हा सगळ्यांकडं. विजयला ते दिसलं. तो म्हणाला, "राहू द्या साहेब," आणि उठण्यासाठी कठड्यावर हात टेकवला.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं तू निघालीस. तुझ्या चपला बाहेर होत्या, पावलांचा आवाजही झाला नाही. तू मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेलीस, जिकडं आमच्या चर्चमध्ये कोणी बाई कधी गेली नव्हती. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलंस आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकलेस. तुझा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "आधी त्याले द्या साहेब. मंग मले."

पास्टर साहेबांनी दिला. प्याल्याची कड विजयच्या दातांवर वाजली. मग तोच प्याला तू दोन्ही हातांनी धरलास आणि प्यालीस.

त्यानंतर सुषमा उठली. मग नालवाडीच्या दोघी. मग आमच्या बाकावरची पोरं उठायला लागली, माझ्या गुडघ्यांना घासून दोघं बाहेर पडले. एकूण नऊ जण जाऊन तुमच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं बसले, पुरुष आणि बाया मिसळून. सगळ्यांनी त्याच प्याल्यातून घेतलं. शेवटी उरलं ते पास्टर साहेब स्वतः प्यायले.

मी उठलो नाही, ताई.

मला सगळं ठाऊक होतं. एका पेल्यातून होत नाही हे वाक्य मीच टाइप केलं होतं, फळ्यावर मीच लिहिलं होतं. पण मी खिशातल्या कागदावर हात ठेवून बसून राहिलो. उपासना संपल्यावर मी सर्वांच्या आधी बाहेर पडलो आणि नदीच्या पुलापर्यंत सायकल मारत गेलो.

मला वाटलं होतं, पुढच्या रविवारी तू काहीतरी बोलशील. निदान पाहशील तरी. तू नेहमीसारखी घड्याळ पाहून म्हणालीस, "चारला दोन कमी. आज लवकर?" आणि शेवटी, सगळे निघताना, "अनिल, बुधवारी विजयची दाढी करून देत जा. त्याचा हात थरथरते, कापून घेते." मला वाटलं हीच माझी शिक्षा. तू काही न बोलता दिलेली.

पहिल्या बुधवारी साबण लावताना मी त्याच्या नजरेकडं पाहत नव्हतो. तिसऱ्या की चौथ्या बुधवारी तो आपण होऊन म्हणाला, "तू त्या दिवशी बसून होता. मी उठताना पाह्यलं."

माझा वस्तरा थांबला.

"चालव," तो म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तं बाहेर पळालो असतो. तू बसला तरी." आणि हसला. आठ महिने मी दर बुधवारी गेलो. नंतर नंतर दाढी हे निमित्त राहिलं. त्याला खिडकीशी बसवायचो, घाटात गाडी कशी उतरवायची ते तो मला सांगायचा, मी कधी ट्रकमध्ये बसलो नव्हतो तरी. त्याच्या आजारपणात तरुण संघानं पाळ्या लावल्या होत्या. कोणी पाणी भरायचं, कोणी कपडे धुवायचं. सुषमा सुट्टीत आली की त्याच्या पाठीच्या जखमा धुवायची आणि आम्हाला शिकवायची. तू कोणालाही सांगितलं नव्हतंस. तू आधी स्वतः बादली उचलली होतीस एवढंच.

तो गेला तेव्हा कबर खोदायला माणूस मिळेना. आम्ही पोरं कुदळी घेऊन कब्रस्तानात गेलो तर आधीच कोणीतरी खोदत होतं. जोसेफकाका. सत्तरीचा माणूस, सदरा काढून झाडाला अडकवलेला, गुडघाभर खड्ड्यात उभा. आम्हाला पाहून म्हणाले, "पाह्यता काय, उतरा खाली." तू फाटकाशी उभी राहून रडलीस. तुला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढं काय झालं ते तुला ठाऊकच आहे, तरी आपला तो दुसरा वाद काढल्याशिवाय मला राहवत नाही. नवं शतक लागलं, मला शाळेत क्लार्कची नोकरी लागली होती, लग्न झालं होतं. टायपिंगच्या मशिनी जाऊन कॉम्प्युटर आले आणि तू इन्स्टिट्यूट बंद केलंस. त्याच वर्षी एका रविवारी तू म्हणालीस, "पन्नाशीची बाई तरुण संघात कायले? पुढच्या रविवारपासून अनिल अन् सुषमा पाहतीन." आणि खरंच आली नाहीस. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. वर्षभरात तीन दऱ्यांची एक झाली. मी तुझ्या घरी येऊन भांडलो. म्हटलं, तू उभं केलेलं तुझ्या डोळ्यांसमोर मोडतंय आणि तू भाजी निवडत बसलीस.

"किती येतेत?" तू विचारलंस.

"सहा."

"सहा म्हणजे लय झाले. मी एकटी होती."

मी रागानं निघून आलो. तू परत आली नाहीस. आम्हीच हळूहळू शिकलो, चुकत चुकत. आता पोरं पुष्कळ येतात. त्यांच्यातल्या कित्येकांना तू म्हणजे शेवटच्या बाकावर बसणारी आजी एवढंच ठाऊक. त्यांना प्याल्याची गोष्ट मात्र ठाऊक आहे. ती आमच्या मंडळीत पाठ झाली आहे. शिबिरांत सांगतात, नवीन पास्टर साहेबांना सांगतात. "त्या दिवशी रूथताईमागं सगळा तरुण संघ उठला." सगळा. माझ्यासमोरही हे कित्येकदा सांगून झालं आणि मी मान हलवत ऐकत आलो.

तुझ्या पोटातली गाठ कळली तेव्हा उशीर झाला होता. वर्ध्याच्या दवाखान्यात सुषमाच तुझ्या उशाशी होती. मी मंगळवारी दुपारी आलो. ती जेवायला गेली आणि आपण दोघंच उरलो. तुझे हात चादरीवर होते, काटक्या झालेले. मी ठरवून आलो होतो. म्हटलं, "ताई, एक सांगायचं राहिलं. इतकी वर्षं तू मला त्यावरून बोलली नाहीस, ते तुझं मोठेपण. पण मला बोलू दे. त्या दिवशी प्याल्याला मी उठलो नव्हतो."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडं पाहिलंस. मग म्हणालीस, "तू नव्हता?"

"नव्हतो."

"मले वाटलं तू होता." श्वास घेत, "खरं सांगू तं कोण होतं कोण नव्हतं, मले माहीतच नाई. मी मागं पाह्यलंच नाई."

"आणि ती बुधवारची दाढी?"

"त्याचा हात थरथरायचा," तू म्हणालीस. "अन् तुझा हात हलका होता."

मग तुला झोप लागली. गुरुवारी पहाटे तू गेलीस.

मी त्या दिवसापासून याच एका गोष्टीशी झगडतोय. इतकी वर्षं मी धरून चाललो की तू पाहिलंस, मोजलंस आणि पोटात घातलंस. त्या तुझ्या क्षमेचं मला ओझंही होतं आणि आधारही. तू तर मोजलंच नव्हतंस. मधली वाट ओलांडलीस तेव्हा आपल्यामागं नऊ जण येतील की कोणीच येणार नाही, हे तुला ठाऊक नव्हतं आणि ते पाहायला तू मानही वळवली नाहीस. मी अर्धं आयुष्य तुझ्यापाशी होतो ताई, आणि तू एवढी असशील याची मला कल्पना नव्हती.

गेल्या रविवारी चार वाजता खोली भरलेली होती. कॉलेजची पोरं, खिशात मोबाइल. तुझ्याबद्दल बोलायचं ठरलं होतं. एकानं प्याल्याची गोष्ट सुरू केली आणि "सगळा तरुण संघ उठला" इथं आला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, "नऊ जण उठले. मी बसून होतो." आणि मग सगळं सांगितलं, खिशातल्या कागदासकट.

आपल्या प्रीतीला तू ओळखायचीस, सुषमाची थोरली, बारावीला आहे. ती म्हणाली, "मामा, तुम्हाले तं माहीत होतं ना काही होत नाई म्हणून. मंग भेव कशाचं वाटलं?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मी फळ्याजवळची खुर्ची सोडली, खाली दरीवर त्या पोरांमध्ये येऊन बसलो आणि सांगायला लागलो.

तुझा,
अनिल